हळदीच्या दुधाने मेंदूतलं अ‍ॅमिलॉइड विरघळतं का?

‘रोज रात्री हळदीचं दूध घ्या, अल्झायमरचे मेंदूतले थर विरघळतात, औषधांची गरजच नाही’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

तो अगदीच निराधार नाही. हळदीतलं करक्युमिन परीक्षानळीत अ‍ॅमिलॉइड बीटा या प्रथिनाचे पुंजके (मेसेजमधले ‘थर’ ते हेच) होण्याला अटकाव करतं. पण हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत जेमतेम ९० मिलिग्रॅम. त्यातलंही रक्तात फार थोडं उतरतं. आतडं आणि यकृत त्याची आधीच वासलात लावतात. अल्झायमरच्या रुग्णांवरच्या एका छोट्या चाचणीत २४ आठवडे रोज २ किंवा ४ ग्रॅम करक्युमिन दिलं होतं. ४ ग्रॅम म्हणजे दिवसाला सव्वाशे ग्रॅमहून जास्त हळद! तरी स्मरणशक्तीत फरक दिसला नाही.

मग औषधं काय करतात? टॅफॅमिडिस पाहा. हे अल्झायमरचं नव्हे, हृदयात साचणाऱ्या दुसऱ्या एका अ‍ॅमिलॉइडवरचं औषध. ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन चार तुकड्यांचं. तुकडे सुटले की त्यांची घडी बिघडते आणि ते हृदयात साचतात. हे औषध ती चौकडी सुटू देत नाही. साचलेलं मात्र तेही विरघळवत नाही. अल्झायमरवरची लेकॅनेमॅबसारखी प्रतिपिंडं मेंदूतलं अ‍ॅमिलॉइड हटवतात, पण स्मरण-आकलनाचा ऱ्हास थोडा मंदावतो, इतकंच. शिवाय मेंदूला सूज वा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून एमआरआय करत राहावे लागतात.

असा दावा आला की आधी बघायचं: प्रयोग नळीत, उंदरांवर की माणसांवर? मात्रा किती? मोजलं काय, थर की स्मरण? करक्युमिन तर नळीत कितीतरी प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे त्याचे तिथले निकाल जरा जपूनच वाचावेत.