कॉलेजचे एल्फिन्स्टन आणि स्टेशनचे एल्फिन्स्टन

मुंबईतल्या एल्फिन्स्टन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आणि २०१८ मध्ये प्रभादेवी झालेल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनला ज्यांचं नाव होतं ते जॉन, लॉर्ड एल्फिन्स्टन. दोघेही मुंबईचे गव्हर्नर, दोघेही अविवाहित, नातं सख्ख्या काका-पुतण्याचं. त्यामुळे ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ ही चुकीची जोडणी मराठी लेखनात वारंवार दिसते.

माउंटस्टुअर्ट (१७७९–१८५९) कधीच लॉर्ड नव्हते. ते अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे चौथे चिरंजीव. हा स्कॉटिश किताब थोरल्याकडे जातो, धाकट्यांना नुसतं ‘ऑनरेबल’ लावता येतं. सोळाव्या वर्षी ते कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आले आणि १८११ मध्ये पुण्याचे रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी झाले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली, त्यात त्यांची पुस्तकंही गेली. पेशवाई बुडाल्यावर छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर स्थापणारे, १८१९ ते १८२७ गव्हर्नर असणारे हेच. ते निघाले तेव्हा मुंबईकरांनी शिक्षणासाठी वर्गणी काढली, कॉलेजचं मूळ त्यात आहे. पुढे गव्हर्नर जनरलपद देऊ केलं असता त्यांनी ते नाकारलं. त्यांचा भारताचा इतिहास १८४१ चा.

जॉन (१८०७–१८६०) हे थोरल्या भावाचे चिरंजीव. १८१३ मध्ये वडील वारले, तेव्हा सहा वर्षंही पुरी झाली नव्हती आणि ते तेरावे लॉर्ड झाले. फौजेतली आणि राजदरबारातली नोकरी, मग १८३७ ते १८४२ मद्रासचे गव्हर्नर, १८५३ ते १८६० मुंबईचे. सत्तावनच्या उठावात मुंबई इलाखा सांभाळणारे हे. आजचं हॉर्निमन सर्कल पूर्वी यांच्याच नावाचं होतं.

किताबाची गंमत इथे आहे. स्कॉटिश लॉर्डला संसदेच्या वरिष्ठ सभागृहात आपोआप जागा मिळत नसे, सगळे मिळून सोळा प्रतिनिधी निवडत. जॉन यांना १८५९ मध्ये वेगळा ब्रिटिश किताब मिळाला, म्हणजे कायमची जागा. पण वर्षभरात ते गेले. मूल नसल्याने तो नवा किताब तिथेच संपला, जुना स्कॉटिश किताब मात्र चुलतभावाकडे गेला.

कागदात नुसतं ‘एल्फिन्स्टन, गव्हर्नर’ दिसलं तर आधी साल बघा. १८२७ पर्यंतचं असेल तर काका, १८५३ नंतरचं असेल तर पुतणे. नुसत्या मृत्यूच्या सालावर विसंबू नका, दोघांच्या मृत्यूत जेमतेम आठ महिन्यांचं अंतर आहे. आणि संदर्भ अफगाणिस्तानचा असेल तर जास्त जपा. १८०९ मध्ये अफगाण राजा शाह शुजाकडे इंग्रजांचे दूत म्हणून पेशावरला गेले ते माउंटस्टुअर्ट, पण १८४२ च्या काबूलच्या माघारीत ज्यांची फौज कापली गेली ते जनरल विल्यम एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्ट यांचे चुलतभाऊ. ते कधी मुंबईचे गव्हर्नर नव्हते.