ॲनिमे-चर्चा (कोकण)

चालू असलेली जपानी चित्रमालिका, म्हणजे ॲनिमे, गटाने आठवड्याला एक भाग या गतीने पाहायची आणि प्रत्येक भागानंतर त्यावर बोलायचे, वाद घालायचा, पुढचे अंदाज बांधायचे, असा हा प्रघात. कोकणपट्टीत तो शाळेच्या वरच्या वर्गांतील आणि महाविद्यालयांतील मुलामुलींत दिसतो. मुंबई-पुण्याला नोकरीस असलेले चाकरमानी आणि त्यांची गावाकडची भावंडे यांच्यातही तो चांगलाच रुजला आहे. अलिबाग, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी येथे तो एस.टी.त, वसतिगृहात, घराच्या पडवीत चालतो. बाकीचा व्हॉट्सॲपच्या गटात. चर्चा रंगायची तर दोन गोष्टी लागतात. कोणी कुठवर पाहिले आहे हे सगळ्यांना आधी ठाऊक हवे. शिवाय वाद कथेवर आहे, रूपांतरावर आहे, रेखाटनावर आहे की भाषांतरावर, हे ठरलेले हवे. बहुतेक भांडणांच्या मुळाशी यांपैकी एक गोष्ट राहून गेलेली असते.

पूर्वपीठिका

1990 च्या दशकात दूरदर्शनवर लागणारा मोगली हा मुळात जपानी ॲनिमे होता. त्याचे हिंदी शीर्षकगीत तेवढे आपल्याकडचे, गुलजारांचे. 2000 नंतरच्या दशकात डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीतून घरोघर पोहोचले. 2004 मध्ये ॲनिमॅक्स ही वाहिनी भारतात आली. आठवड्याच्या आठवड्याला, जपानच्या बरोबरीने पाहणे मात्र 2016 नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावरच खेड्यापाड्यांत शक्य झाले. पैसे भरून घ्यायच्या सेवांखेरीज म्यूज एशिया आणि ॲनि-वन या यूट्यूब वाहिन्यांवर कित्येक मालिका अधिकृतपणे मोफत मिळतात. गटात सगळ्यांकडे वर्गणी नसेल तर मालिका निवडताना आधी तिथे पाहावे.

वेळापत्रक आणि घड्याळ

ॲनिमेचे वर्ष चार हंगामांचे असते. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत नव्या मालिका सुरू होतात. एका हंगामाला कूर म्हणतात. त्यात 12 किंवा 13 भाग बसतात. काही मालिका सलग दोन कूर चालतात, काही एक कूर झाल्यावर महिनोन्‌महिने थांबून दुसरा आणतात. मधल्या खंडाला ‘मालिका बंद पडली’ समजून गट मोडणे ही नवख्यांची नेहमीची घाई.

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे रात्री उशिराच्या कार्यक्रमांची वेळ 24 च्या पुढेही मोजतात, त्यामुळे वेळापत्रकात ‘शनिवार 25:00’ असे दिसते. याचा अर्थ जपानात रविवारची पहाट, एक वाजता. आकड्यातून साडेतीन वजा केले की भारतीय वेळ मिळते आणि वार तोच राहतो : शनिवार रात्री 9:30. अनेकजण वार एकने पुढे ढकलतात आणि रविवारभर भागाची वाट पाहत बसतात. तोवर बाकीच्यांचे बोलून झालेले असते. अधिकृत सेवेवर भाग प्रक्षेपणाबरोबर येतो किंवा काही वेळाने, म्हणून सेवेवर जाहीर झालेली वेळ पहिल्याच आठवड्यात गटात लिहून ठेवावी. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा; बरेच ॲनिमे तिचेच रूपांतर असतात. शुएइशा या प्रकाशनसंस्थेच्या मांगा प्लस या सेवेवर साप्ताहिक मांगाची नवी प्रकरणे जपानी वेळेनुसार सोमवारी मध्यरात्री उघडतात, म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री 8:30 वाजता. मांगा वाचणारे आणि न वाचणारे एकाच घरात असतील तर रविवारचे जेवण जरा जपून घ्यावे लागते.

भाग साधारण 24 मिनिटांचा. त्यात सुरुवातीचे गीत दीड मिनिट, शेवटचे दीड मिनिट. मधल्या छोट्या विरामचित्राच्या अलीकडचा तो ए-पार्ट, पलीकडचा बी-पार्ट. शेवटच्या गीतानंतर कधी कधी सी-पार्ट येतो आणि कथेचा मोठा धक्का नेमका तिथे असतो. ‘पुढचा भाग’ हे बटण गीत सुरू होताच समोर येते. ते दाबणाऱ्याचा सी-पार्ट हुकतो आणि मग दोघे दोन वेगवेगळे भाग पाहिल्यासारखे भांडतात. ॲपमधील आपोआप पुढे जाण्याची सोय बंद करून ठेवावी.

कोकणात या चार हंगामांना स्थानिक ऋतुमानाची गाठ पडते. हिवाळी मालिकांचे शेवटचे भाग दहावी-बारावीच्या परीक्षा आणि शिमगा यांच्या आसपास येतात. परीक्षार्थी मागे पडतात आणि त्यांच्यासाठी गटात शांतता पाळावी लागते. एप्रिलच्या मालिका मे महिन्यात चाकरमान्यांची मुले गावी आल्यावर एकत्र पाहिल्या जातात. जुलैचा हंगाम सर्वांत अवघड. मुसळधार पावसात लाईट जाते, टॉवरची बॅटरी उतरली की नेटवर्कही जाते, आणि कधी कधी दोन-तीन दिवस परत येत नाही. त्याच हंगामाच्या उत्तरार्धात गणपती येतात. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती, म्हणजे आठव्या-नवव्या भागाच्या सुमारास. 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला, म्हणजे शेवटाच्या अगदी तोंडावर. शहरातील वायफायवर सगळे पाहून आलेला भाऊ आणि पाचव्या भागावर अडकलेली गावची बहीण आरतीनंतर एकाच पडवीत बसतात. वर्षातील सर्वांत मोठ्या चर्चा याच रात्रींच्या, आणि सर्वांत जास्त रुसवेफुगवेही.

यावर उपाय साधा आहे. लाईट आणि रेंज असताना भाग उतरवून ठेवावेत. 480 दर्जाचा एक भाग साधारण शंभर-दीडशे एमबी घेतो, 1080 दर्जाचा त्याच्या कित्येक पट. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये रात्री साडेनऊपर्यंत फारसे काही उरत नाही; बारा वाजता नवा कोटा सुरू झाल्यावर उतरवून सकाळी पाहणे बरे पडते. ॲपमधून उतरवलेल्या भागाला मुदत असते आणि एकदा सुरू केला की ती आणखी लवकर संपते. प्रवासाआधी भाग उघडून पाहू नये, नाहीतर कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरल्यावर ॲप परवाना तपासायला नेटवर्क मागते.

खूण आणि स्पॉइलर

चर्चेचा पहिला प्रश्न सिंधुदुर्गात ‘खयपर्यंत बघलंस?’ असा येतो. त्याला नेमके उत्तर द्यायचे तर तीन गोष्टी सांगाव्या लागतात : सीझन, भाग आणि भाषा. दुसऱ्या सीझनचे भाग एक सेवा पुन्हा 1 पासून मोजते तर दुसरी 25 पासून पुढे. मध्येच उजळणीचा 12.5 असा भागही येतो. हिंदी डब मूळ जपानीच्या काही आठवडे मागे असतो, म्हणून ‘आठवा भाग’ म्हणणारे दोघे प्रत्यक्षात महिनाभर अंतरावर असू शकतात. ‘सीझन 2, भाग 3, हिंदी’ असे लिहिले की घोळ उरत नाही. गटाची हद्द सर्वांत मागे असलेल्या माणसावर ठरवावी आणि ती गटाच्या नावातच टाकावी. पुढे गेलेल्यांनी आपला निराळा गट करावा. एकाच गटात ‘स्पॉइलर’ (म्हणजे पुढची कथा फोडणारा मजकूर) असे लिहून खाली सगळे सांगणे कुचकामी आहे, कारण सूचनापट्टीत पहिल्या दोन ओळी दिसतातच.

स्पॉइलर मजकुरापेक्षा चित्रातून जास्त फुटतो. व्हॉट्सॲपचे स्टेटस, बदललेला डीपी, स्टिकर, यूट्यूबच्या व्हिडिओवरील चित्र, एवढे पुरते. पात्राचे नाव इंटरनेटवर शोधणे तर धोक्याचेच : चाहत्यांच्या कोशांत माहितीच्या चौकटीत ते पात्र जिवंत आहे की मृत हे वरच्या वर लिहिलेले असते. आवाज देणारा कलाकार हवा असेल तर मालिकेचे नाव घालून शोधावे. सुरुवातीचे गीतही निष्पाप नसते. पुढे येणारी पात्रे आणि लढती त्यात आधीच झळकतात. मुळीच काही कळू नये असे वाटणाऱ्याने नवे गीत पहिल्या वेळी सोडून द्यावे.

मांगा आधीच वाचलेल्यांशी मात्र उगाच वैर धरू नये. दशावताराचे आख्यान सर्वांना ठाऊक असते, तरी जत्रेत लोक पहाटेपर्यंत बसतात, कारण राक्षस कसा उभा राहतो आणि आयत्या वेळी संवाद कसा रचला जातो ते पाहायचे असते. मांगावाचक ॲनिमेकडे त्याच नजरेने पाहतात आणि रूपांतराविषयी सर्वांत नेमके तेच बोलतात. त्यांनी एकच पथ्य पाळावे : ‘नवव्या भागापर्यंत थांब, मग बघ’ असे सांगू नये. तेवढ्यानेही नवव्या भागात काही घडणार हे फुटते.

वादाचे विषय

सर्वांत जुना वाद गतीचा. साप्ताहिक मांगाचे एक प्रकरण वीसेक पानांचे असते आणि सामान्यतः एका भागात दोन ते तीन प्रकरणे जातात. ‘कथा ओढली’ किंवा ‘गुंडाळली’ असे म्हणण्यापूर्वी या हिशेबाने मोजून पाहावे. एका भागात पाच प्रकरणे गेली असतील तर काय गाळले हे दाखवता येते. ॲनिमे मांगाच्या फार जवळ पोहोचला तर निर्मात्यांपुढे तीन वाटा असतात : थांबणे, मूळ मांगात नसलेले फिलर भाग घालणे, किंवा स्वतःची कथा रचणे. नारुतोच्या पहिल्या मालिकेत 220 भाग आहेत आणि 135 नंतरचे जवळजवळ सगळे फिलर आहेत. फुलमेटल अल्केमिस्टच्या 2003 च्या 51 भागांच्या मालिकेने तिसरी वाट धरली, कारण मांगा तेव्हा अपुरा होता. 2009 ची 64 भागांची मालिका मांगाला धरून चालते. दोन्हींचे शेवट वेगळे आहेत, म्हणून ‘फुलमेटल’ असे मोघम म्हणून वाद घालणे व्यर्थ. वर्ष सांगावे. नव्या प्रेक्षकाने आधी 2003 ची पाहावी, कारण दुसरीची सुरुवात वेगवान आहे आणि पहिली पाहिलेल्याला ती जड जात नाही.

पाहण्याच्या क्रमावरही असाच वाद होतो. सुझुमिया हारुहीची मालिका 2006 मध्ये मुद्दाम कालक्रम मोडून प्रक्षेपित झाली आणि 2009 मध्ये नव्या भागांसह कालक्रमाने. त्या वेळी जवळजवळ एकच कथा लागोपाठ आठ भागांत आली. दर आठवड्याला एक याप्रमाणे पाहणाऱ्यांची तेव्हा सहनशक्ती संपली. एका बैठकीत पाहणाऱ्याला तो प्रयोग निराळा वाटतो. कोणी कोणत्या गतीने पाहिले यावर मत बदलते, हे या वादात ध्यानात घ्यावे.

रेखाटनावरचे वाद सर्वांत जोरात होतात आणि माहितीअभावी सर्वांत जास्त फसतात. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी जातात, पण टीव्ही ॲनिमेत एक चित्र बहुधा तीन चौकटी टिकते, म्हणजे सेकंदाला आठ चित्रे. चित्रे कमी म्हणजे काम निकृष्ट असे नाही. वेग आणि थांबा कुठे द्यायचा यात कौशल्य असते. प्रमुख अवस्थांची चित्रे एक कलाकार काढतो, मधली चित्रे दुसरे भरतात, आणि सर्वांचे चेहरे नमुन्याशी जुळते करण्याचे काम चित्र-दिग्दर्शकाचे. वेळ कमी पडला की ही जुळवणी आधी सुटते : दूरच्या दृश्यात नाक-डोळे हलतात, कपडे बदलल्यासारखे दिसतात. याला वेळापत्रक जबाबदार असते, कलाकाराचा हात बिघडलेला नसतो. असाधारण हालचालीच्या तुकड्याला चाहते साकुगा म्हणतात.

भाग थांबवून एक वाकडा चेहरा स्क्रीनशॉटमध्ये पकडायचा आणि ‘दर्जा घसरला’ म्हणून पाठवायचा, ही फार वाईट सवय आहे. वेगवान हालचालीत मधले चित्र मुद्दाम ताणलेले असते. चालत्या दृश्यात डोळ्याला तो वेग म्हणून दिसतो. पुरावा द्यायचा तर पाच-दहा सेकंदांचे पूर्ण दृश्य कोणत्या मिनिटाला आहे ते सांगावे. चमकणारी दृश्ये काळपट का दिसतात, हा प्रश्नही नेहमी येतो. 16 डिसेंबर 1997 रोजी पोकेमॉनच्या एका भागातील लाल-निळ्या झगमगाटाने जपानात सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर तिथल्या वाहिन्यांनी नियम केले आणि प्रक्षेपणात असा प्रकाश मंद करतात. ब्लू-रे आवृत्तीत तो अनेकदा मूळ तेजाने असतो, काही चित्रेही दुरुस्त केलेली असतात. कोणती आवृत्ती पाहिली हे न सांगता वाद घालू नये.

‘कोण जिंकेल’ हा वाद धाकट्यांचा लाडका. तो तुटेपर्यंत ताणायचा नसेल तर आधी चार अटी मान्य कराव्यात : पात्र कोणत्या आर्कमधले (कथेच्या कोणत्या टप्प्यातले), फिलर धरायचे की नाही, पात्र स्वतःबद्दल जे बोलते त्यापेक्षा पडद्यावर करून दाखवलेले मोठे मानायचे का, आणि दोघांना तयारीला वेळ आहे का. पहिल्या अटीवर एकमत झाले की निम्मा वाद तिथेच मिटतो.

डब (दुसऱ्या भाषेतले आवाज) की सब (मूळ आवाज आणि खाली सबटायटल), या वादात आवाजाची आवड ज्याची त्याची. पण संवादाचा शब्द पुरावा म्हणून वापरायचा असेल तर डबमधला वापरू नये. डबमध्ये वाक्य ओठांच्या हालचालीत बसवायचे असते, त्यामुळे ते लांबवले किंवा छाटले जाते. इंग्रजी सबटायटलही वाचनवेळेपुरते आखडलेले असते. पात्राने वचन दिले की नुसती आशा व्यक्त केली, असल्या वादात दोन्ही भाषांतरे शेजारी ठेवावीत, आणि ती जुळत नसतील तर जपानी जाणणाऱ्याला विचारावे. धाकटी भावंडे सोबत असली तर डबच लावावा. सबटायटल मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याचे स्वतःचे निम्मे दृश्य सुटते, आणि नंतर त्याच दृश्यावर त्याचे मत कच्चे ठरते.