घरातल्या झाडांना पाणी : कोणत्या ऋतूत किती?

आमच्या नर्सरीतून झाड नेताना बहुतेक जण विचारतात, "पाणी किती दिवसांनी घालायचं?" आम्ही दिवस मुद्दामच सांगत नाही. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे ज्या कुंडीला रोज पाणी लागतं, तीच कुंडी डिसेंबरात आठवडाभर ओली राहते. म्हणून आधी मातीत बोट घालून बघा. दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी घाला, पण मग खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. ताटलीत साचलेलं ओतून टाका.

उन्हाळा
पारा 40 अंशांपुढे गेला की अरेका पाम, मनी प्लांटची माती भराभर वाळते. पाणी सकाळी लवकर द्या. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते बादलीत काढून निवू द्या. झाड कूलरच्या थेट झोतात नको. स्नेक प्लांट आणि झेडझेड (ZZ) प्लांटला मात्र उन्हाळ्यातही माती पूर्ण वाळल्यावरच पाणी.

पावसाळा
आमच्याकडे परत येणारी सर्वात जास्त झाडं याच दिवसांतली. हवा दमट, ऊन नाही, त्यामुळे माती वाळत नाही. मुळांना हवा मिळेनाशी होते, ती कुजतात आणि पानं मलूल पडतात. झाड तहानलं समजून आपण आणखी पाणी घालतो, आणि ते हातचं जातं. माती ओली असताना झाड मलूल दिसलं, तर पाणी ताबडतोब थांबवा. पावसाने ओढ दिली, ऊन तापलं, की पुन्हा बोट घालून बघा.

कुंडीत शेतातली नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून ठेवते, आणि वाळली की भेगाळते. मग घातलेलं पाणी भेगांतून थेट खाली जातं, मुळं कोरडीच राहतात.

हिवाळा
वाढ मंदावते, तहानही कमी होते. ऊन वर आल्यावर थोडं पाणी द्या. खत फेब्रुवारीपर्यंत नको.

बोअरचं पाणी
मातीवर पांढरा थर दिसला तर ते क्षार आहेत. वरची माती खरवडून बदला. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. पावसाचं किंवा एसीतून ठिबकणारं पाणी चालतं.

तरीही पानं पिवळी पडत असतील, तर झाड कुंडीसकट घेऊन या. मुळं बघून सांगू. त्याचे पैसे घेत नाही.