क्रेडिट कार्डाचं बिल झेपत नसेल तर बँकेत अर्ज कसा करायचा, कागद कोणते लावायचे

मागच्या महिन्यात इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एक काकू पिशवीत सहा महिन्यांची स्टेटमेंटं घेऊन आल्या, काकांचं बायपास झालंय, दुकान बंद आहे, आणि म्हणाल्या मी दर महिन्याला न चुकता भरते तरी बाकी हलत का नाही. बघितलं तर त्या फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर छापलेली कमीत कमी भरायची रक्कम, भरत होत्या. बाकी होती 50,000. व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 1,750, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी 315, झाले 2,065. काकू भरायच्या 2,500, म्हणजे मुद्दलातून गेले फक्त 435. हा आकडा कागदावर लिहून दाखवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

कार्डाचं गणित असं आहे की ड्यू डेटपर्यंत पूर्ण बिल भरलं तरच बिनव्याजी दिवस मिळतात. थोडं जरी मागे ठेवलं तर राहिलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं आणि नव्या खरेदीलाही सूट मिळत नाही. कार्डावरून एटीएममधून कॅश काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर फी वेगळी, म्हणून एका कार्डाचं बिल भरायला दुसऱ्या कार्डातून कॅश काढू नका, कृपा करून नका. ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला की लेट फी लागते आणि सिबिलला (कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी) नोंद जाऊ शकते, आणि मिनिमम ड्यूसुद्धा 90 दिवस पूर्ण भरली गेली नाही तर खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं कर्ज, होतं. अर्ज करायचा तो या 90 दिवसांच्या आत, शक्यतो पहिली मिनिमम ड्यू चुकायच्या आधीच, कारण तोपर्यंत बँक तुमच्याशी हप्ते बांधायचं बोलते, नंतर वसुलीचं बोलते.

अशी सवलत कोणाला मिळते? नोकरी गेली, पगार कापला, मोठं आजारपण, घरातला कमावणारा गेला, धंदा बसला, अशी खरी आणि कागदावर दाखवता येणारी अडचण असेल तर अर्ज करावा. सवलत द्यायलाच पाहिजे असं बँकेवर बंधन नाही, पण थोडं तरी उत्पन्न आहे आणि दरमहा अमुक इतके भरू शकतो असं ठोस सांगणाऱ्याचा विचार होतो.

मागायचं काय, हे आधी ठरवा. पहिली मागणी, बाकी रकमेचे कमी व्याजाचे हप्ते बांधून द्या, यात कार्ड बहुतेक बंद करतात पण आकडा दर महिन्याला खरंच उतरतो. दुसरी सेटलमेंट, म्हणजे काही रक्कम माफ. ऐकायला गोड आहे पण सिबिलमध्ये "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढे घराचं लोन घेताना तो आडवा येतो, म्हणून माझं मत आधी हप्तेच मागा.

कागद: पॅन, आधार, कार्डाची मागची तीन ते सहा स्टेटमेंटं, बँक खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, अडचणीचा पुरावा (कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी आणि बिलं, मृत्यू दाखला, जे लागू असेल ते), बाकी सगळ्या लोनची यादी, आणि एक पानी अर्ज. अर्जात अडचण कधी सुरू झाली, घरात किती येतं, किती जातं आणि दरमहा किती भराल ते आकड्यात लिहा. इंदूरमध्ये शाखेत हिंदीतच कामं चालतात, तर अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत द्या, म्हणजे भाषांतरात दिवस जाणार नाहीत. कार्ड विभागाला ईमेल करा, शाखेतही द्या आणि आपल्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. कस्टमर केअरवर फोनवर झालेलं बोलणं नंतर कोणी मानत नाही.

वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत, नातेवाईकांसमोर अपमान करणं, धमकावणं हेही रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. नुसतं बिल भरता आलं नाही म्हणून अटक होत नाही, तो दिवाणी मामला आहे. पण खात्यात पैसे नसताना पुढच्या तारखेचे चेक मात्र देऊ नका, चेक बाऊन्स झाला तर कलम 138 लागतं, म्हणजे फौजदारी केस होते.

वसुलीवाल्यांचा त्रास असेल किंवा बिलात चुकीचे चार्ज लावले असतील तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) तक्रार टाका, फी नाही, वकील लागत नाही, भोपाळला जायचीही गरज नाही. माहितीसाठी नंबर 14448. जिल्हा कोर्टात राष्ट्रीय लोक अदालत भरते, तिथे केस दाखल व्हायच्या आधीही तडजोड होते, पण तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही, म्हणून आकडा नीट बघूनच सही करा.

काकूंना शेवटी 24 हप्ते बांधून मिळाले. त्यांना एवढंच सांगितलंय की बँकेचं मंजुरीपत्र जपून ठेवा, शेवटचा हप्ता गेला की नो ड्यूज सर्टिफिकेट (काही बाकी नसल्याचा दाखला) मागून घ्या, आणि वर्षातून एकदा फुकट मिळणारा सिबिल रिपोर्ट काढून खात्यापुढे "क्लोज्ड" लिहिलंय का ते बघा.