बादलीत पाणी, भिंतीवर प्लास्टिक

घराच्या बाहेरच्या भिंती रंगवायची गोष्ट निघाली की एक शंका हमखास ऐकू येते. ज्या रंगाचा ब्रश नळाखाली धरला की स्वच्छ होतो, तो रंग पावसात टिकणार कसा? त्यापेक्षा ऑइल पेंटच मारलेला बरा. शंका अगदी तर्काला धरून आहे, आणि तिचं उत्तर पदार्थविज्ञानातल्या सर्वांत देखण्या उत्तरांपैकी एक आहे.

पाण्याने धुतल्या जाणाऱ्या या रंगाला इमल्शन म्हणतात. त्याच्या डब्यात ॲक्रिलिक, म्हणजे रंगाचा पापुद्रा बनवणारं प्लास्टिक, पाण्यात विरघळलेलं नसतं. त्याचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. एका गोळ्याचा व्यास साधारण १०० ते २०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेत असे सहा-सात हजार गोळे मावतील. प्रत्येक गोळ्याभोवती साबणाच्या जातीचे रेणू असतात. त्यांच्यावरच्या विद्युतभारामुळे गोळे एकमेकांना दूर ढकलत राहतात, म्हणून डबा महिनोन्महिने ठेवला तरी रंगाची गुठळी होत नाही. ब्रश धुताना हे सुटे गोळेच वाहून जातात. (डब्यावर ‘नॅनो’ लिहून जादा पैसे मागितले, तर हे आठवा. घराच्या रंगासाठी ॲक्रिलिक इमल्शन १९५३ मध्ये बाजारात आलं, तेव्हापासून त्यातले गोळे नॅनोच आहेत.)

रंग भिंतीवर लागला की पाणी उडू लागतं. काही भाग हवेत जातो, काही गिलावा शोषून घेतो. गोळे जवळ येतात, खेटतात आणि थर लावून बसतात. आता पाणी उरतं ते फक्त गोळ्यांमधल्या फटींत, आणि इथून खरी गंमत सुरू होते. अरुंद फटीतल्या पाण्याचा पृष्ठभाग आत वक्र होतो आणि पृष्ठताणामुळे आजूबाजूच्या गोळ्यांना आपल्याकडे ओढतो. हा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: पृष्ठताणाची दुप्पट भागिले वक्रतेची त्रिज्या. साध्या पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रतिमीटर आणि त्रिज्या ५० नॅनोमीटर धरली, तर उत्तर येतं सुमारे २९ लाख पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या २८ पट. रंगातल्या साबणामुळे प्रत्यक्षात तो कमी भरतो. तरीही या ओढीने गोळे चेपले जातात, त्यांच्यातल्या फटी मिटतात आणि गोलांना अनेक सपाट बाजू येतात.

पण चेपून चिकटलेले गोळे म्हणजे अजून मजबूत पापुद्रा नव्हे. प्रत्येक गोळ्यात पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या रेणूंच्या, लांब साखळ्यांचा गुंता असतो. या साखळ्या आपल्याच लांबीच्या दिशेने सरपटत शेजारच्या गोळ्यात शिरतात आणि तिथल्या साखळ्यांत अडकतात. दाट गुंत्यातून लांब साखळी पुढे कशी सरकते, याचा सिद्धांत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडला. पुढे १९९१ चं नोबेलही त्यांना मिळालं. साखळ्या पुरेशा मिसळल्या की गोळ्यांच्या सीमा पुसल्या जातात. भिजलेला साबुदाणा जास्त शिजून त्याचा गोळा झाला की दाणा वेगळा काढता येत नाही, तसंच हे. खिचडीत आपल्याला नको असतं ते रंगात हवं असतं. एकदा असं झालं की पाणी त्या गोळ्यांना पुन्हा सुटं करू शकत नाही. हाताला कोरडा लागलेला रंग आणि असा जुळलेला रंग यांत काही दिवसांचं, थंडीत तर काही आठवड्यांचं अंतर असतं.

साखळ्यांना सरकायला ऊब लागते. ठरावीक तापमानाखाली गोळे कडकच राहतात, चेपले जात नाहीत, आणि पाणी उडाल्यावर मागे उरतो भुसभुशीत थर. म्हणून रंगात गोळ्यांना तात्पुरतं मऊ करणारं, सावकाश उडून जाणारं द्रावक घालतात. तरीही भिंत १० अंशांपेक्षा थंड असेल तर काम करू नये. तापमान बघायचं ते भिंतीचं. मोबाइलवर दिसतं ते हवेचं. निरभ्र रात्री भिंत आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि पहाटे हवेपेक्षाही गार होते. निफाडला पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो त्या दिवसांत नाशिकमध्ये सकाळी आठला ब्रश हातात घेणं म्हणजे डबा वाया घालवणं. दुपारी तीननंतरही काम थांबवावं, म्हणजे दव पडायच्या आत गोळे निदान चेपून चिकटलेले असतील. मे महिन्यात उलटं होतं: उन्हातली भिंत हवेपेक्षा १५-२० अंशांनी सहज जास्त तापते, आणि गोळे थर लावून बसायच्या आतच पाणी नाहीसं होतं.

पूर्वतयारीचं महत्त्वही याच प्रक्रियेतून कळतं. गोळे ज्याला टेकतात त्यालाच धरून बसतात; मध्ये धूळ असेल तर रंग धुळीला चिकटतो आणि धुळीसकट पोपडा होऊन सुटतो. जुन्या रंगावरून तळवा फिरवून बघा. पांढरी भुकटी आली तर ऊन आणि रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य यांनी मिळून वरचं पॉलिमर खाल्लेलं आहे. तो थर घासून, धुऊन काढल्याशिवाय पुढचा हात मारू नये. शेवाळ नुसतं खरवडलं तर छिद्रांतल्या पेशी जिवंत राहतात. आधी ब्लीचचं पाणी लावून ते मारावं लागतं (त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो). बाहेर पुट्टी वापरायची तर व्हाइट सिमेंटचीच. प्रायमर कोरड्या गिलाव्याची तहान कमी करतो, म्हणजे रंगातलं पाणी एकदम शोषलं जात नाही.

नवा गिलावा असेल तर घाई सर्वांत महागात पडते. दसऱ्याला गवंडी आणि लक्ष्मीपूजनाच्या आत रंगारी मोकळा, हा आपला हिशेब २० तिथींचा. सिमेंट मागतं २८ दिवस. ताज्या गिलाव्याचा पीएच १२-१३ असतो, म्हणजे तो चांगलाच अल्कधर्मी असतो, आणि आत ओलही असते. अशा भिंतीवर ऑइल पेंट मारला तर त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो. साबणाच्या कारखान्यात घडते तीच अभिक्रिया. रंग चिकट होतो, मग सुटतो. ‘पावसात टिकावा म्हणून ऑइल पेंट’ हा सल्ला सिमेंटच्या भिंतीवर असा उलटतो. ॲक्रिलिक अल्कलीला फारशी दाद देत नाही, आणि त्याच्या पापुद्र्यातून थोडी वाफ बाहेर पडू शकते. तरीसुद्धा ओली भिंत ती ओलीच. आतलं पाणी उन्हाने तापलं की फुगे येतातच. गिलावा नवा असेल तर दिवाळी बिनरंगाच्या भिंतींत साजरी करावी आणि ब्रश नंतर हातात घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोव्हेंबरात अवकाळीची भीती असते, द्राक्षबागायतदारांना ती वेगळी सांगायला नको. ताज्या रंगावर सर आली आणि नंतर चकचकीत, चिकट ओघळ दिसले, तर बहुतेक वेळा रंग गेलेला नसतो. गोळ्यांभोवतीचा साबण पृष्ठभागावर आलेला असतो. साध्या पाण्याने धुतला की जातो.

वास्तुशास्त्राच्या नावाखाली कोणत्या दिशेला कोणता रंग हे पैसे घेऊन सांगणारे बरेच आहेत. रंगाच्या छटेने कुणाचं नशीब बदलत नाही. भिंतीला मात्र दिशा खरोखर असते, कारण ऊन आणि पाऊस दिशेने येतात. मोसमी वारे नैऋत्येकडून येतात, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत पावसाचा मारा खाते. तिथल्या भेगा आधी भरा. उन्हाळ्यात सावलीच्या मागे जात काम करा: सकाळी पश्चिम बाजू, दुपारनंतर पूर्व. डिसेंबर-जानेवारीत उलट, भिंत उन्हाने कोमट झाल्यावर पूर्वेची अकराच्या सुमारास, पश्चिमेची दुपारी एक-दोनला. उत्तरेच्या भिंतीवर हिवाळ्यात ऊन येतच नाही आणि शेवाळही बहुधा तिथेच जास्त असतं. ती ब्लीचने धुऊन ठेवा, रंगवा फेब्रुवारीत.