बेट बुडण्याआधी विहीर खारावते

मालदीवची बातमी आली की प्रश्न ठरलेला असतो: हा देश समुद्राखाली कधी जाणार? सुमारे 1,200 चिमुकली बेटे आणि 80 टक्क्यांहून अधिक जमिनीची उंची एक मीटरच्या आत, तेव्हा हा प्रश्न पडणारच. पण तिथे त्याच्या आधी दारात उभा राहतो तो पिण्याच्या पाण्याचा प्रश्न.

या बेटांवर नद्या नाहीत. पावसाचे पाणी प्रवाळाच्या वाळूतून झिरपते आणि खाली मुरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा जेमतेम अडीच टक्क्यांनी हलके असते. तेवढ्या फरकावर हा साठा टिकतो, मध्ये जाड आणि कडेला पातळ, भिंगासारखा. समुद्रपातळीच्या वर असलेला त्याचा थर एक वीत घटला, तर खालून खारे पाणी सुमारे 40 विती वर चढते. म्हणून उपसा वाढला किंवा किनारा झिजून बेट अरुंद झाले, की भिंग झपाट्याने आकसते.

लाट बेटावर चढली तर मीठ वरूनच आत शिरते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने कितीतरी विहिरी अशाच नासल्या. त्सुनामी क्वचित येते. पण समुद्र जसा वर येतोय, तशा वादळी लाटाही बेटावर चढू लागतील. दोन लाटांमध्ये पुरेसे पावसाळे गेले नाहीत तर मीठ धुऊन निघणार कसे? प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरच्या 2018 मधल्या अभ्यासाचा निष्कर्ष हाच होता: याच कारणाने बहुतेक प्रवाळबेटे या शतकाच्या मध्यापर्यंत राहण्याजोगी उरणार नाहीत.

राजधानी माले समुद्राचेच पाणी गोडे करून पिते. 4 डिसेंबर 2014 रोजी त्या प्रकल्पात आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवले. मुंबईहून नौदलाचे 'आयएनएस दीपक' गेले.

किनाऱ्याला भिंती बांधणे हा उपाय मला अपुरा वाटतो. लाटांचा जोर मोडते ती जिवंत प्रवाळभित्ती, आणि बेटाला वाळू पुरवतेही तीच. 1998 आणि 2016 मध्ये तापलेल्या समुद्राने तिथले प्रवाळ पांढरे पाडले, म्हणजे मरणाच्या दारात नेले. भराव घालण्यासाठी समुद्रतळ उपसला की उठलेला गाळ उरलेल्या प्रवाळांवर बसतो. जमीन वाढवण्याच्या घाईत बेटाला वाळू देणारा प्रवाळच गुदमरतो आहे.