जिवाणूतली प्रथिनं जागेवर खिळलेली नसतात

"जिवाणूच्या पेशीत इतकी दाटी असते की प्रथिनं जागची हलतच नाहीत." बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांच्या ग्रुपवर हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते पटतं, कारण त्यातलं अर्धं खरं आहे.

दाटी खरीच आहे. पेशीच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा पाणी नसून प्रथिनं, आरएनए असा ऐवज असतो. म्हणून जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन ई. कोलाय या जिवाणूमध्ये पाण्यातल्यापेक्षा सुमारे दहापट हळू पसरतं. पण हळू म्हणजे थांबलेलं नव्हे. सणाच्या गर्दीत बेळगावच्या गणपत गल्लीत पाऊल धिमं पडतं, तरी दोन दुकानं ओलांडायला कितीसा वेळ लागतो?

हिशेब स्वतः करून बघा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत जीएफपीचा विसरण गुणांक, म्हणजे ते किती झपाट्यानं पसरतं ते सांगणारा आकडा, सेकंदाला सुमारे ७.७ चौरस मायक्रोमीटर आला. जिवाणूची लांबी साधारण २ मायक्रोमीटर, तिचा वर्ग ४. त्याला गुणांकाच्या दुपटीनं, म्हणजे १५.४ नं भागा. उत्तर येतं साधारण पाव सेकंद, म्हणजे एवढ्या वेळात प्रथिन या टोकापासून त्या टोकाला पोचतं! हाच हिशेब एका मिलिमीटरला लावला तर १८ तास होतात. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट वाढतो, आणि सगळी मेख इथंच आहे.

प्रयोगशाळेत जीएफपीनं चमकणाऱ्या पेशीच्या एका टोकाची चमक लेसरनं घालवतात. थोड्याच वेळात दुसऱ्या टोकाकडचं चमकतं प्रथिन तिथं पसरतं. प्रथिनं खिळलेली असती, तर ते टोक काळंच राहिलं असतं.

पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, रुतलेली प्रथिनं मात्र बरीच संथ असतात, त्यांना हा आकडा लावू नका.